केसपेपरवर नसलेला रकाना

मे १९७६. आणीबाणी चालू होती. भाभा अणुसंशोधन केंद्राला जागा हवी म्हणून मुंबईतल्या मानखुर्दची जनता कॉलनी उठवली गेली आणि सुमारे सत्तर हजार माणसांना ट्रॉम्बेच्या खाडीकाठच्या दलदलीत आणून सोडलं गेलं. त्या वस्तीला आज आपण चीता कॅम्प म्हणतो. या घटनेबद्दल जे लिहिलं-बोललं जातं ते जमिनीच्या मालकीबद्दल, कोर्टकचेरीबद्दल, आणीबाणीतल्या दडपशाहीबद्दल. त्या सत्तर हजारांतल्या लहान मुलांचं काय झालं, हा प्रश्न त्यात क्वचित येतो. तेव्हा पाच-सहा वर्षांचं असलेलं मूल आज पन्नाशी ओलांडून गेलं आहे. बीपीची गोळी सुरू होते, शुगर निघते, छातीत दुखतं म्हणून रात्री रिक्षा शोधावी लागते, असं ते वय.

हा माणूस दवाखान्यात जातो तेव्हा त्याच्या केसपेपरवर नाव, वय, वजन, पत्ता, तक्रार आणि औषध लिहिलं जातं. तंबाखू खातो का, दारू पितो का, घरात आणखी कुणाला शुगर आहे का, हेही विचारलं जातं. लहानपणी काय सोसलं, यासाठी मात्र त्या कागदावर रकाना नाही. तो असायला हवा, हे या लेखाचं म्हणणं आहे. बालपणी बसलेले आघात हा नशिबाचा, स्वभावाचा किंवा घरातल्या घरात मिटवण्याचा मामला नाही. तो सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे, आणि पाणी-गटारांइतकीच त्याची जबाबदारी महापालिकेवर, सरकारवर आणि आपणा सगळ्यांवर आहे.

या म्हणण्याला आधार आहे. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या सॅन डिएगो शहरात डॉ. व्हिन्सेंट फेलिटी लठ्ठपणावर उपचार करणारा विभाग चालवत होते. ज्यांचं वजन भराभर उतरत होतं, नेमके तेच लोक उपचार अर्धवट सोडून जात होते. फेलिटींनी एकेकाला बसवून विचारपूस केली, आणि बऱ्याच जणांनी लहानपणी झालेल्या लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं. वाढलेलं वजन त्यांच्यापैकी काहींना सुरक्षित वाटत होतं. डॉक्टर ज्याला रोग समजत होते, तो रुग्णानं स्वतःपुरता शोधलेला उपाय होता. पुढे रॉबर्ट अँडा यांच्याबरोबर फेलिटींनी १९९५ ते १९९७ या काळात सतरा हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी केली. मारहाण, लैंगिक अत्याचार, अपमान, उपेक्षा, आईला होणारी मारहाण, घरातलं व्यसन, मानसिक आजार, आईवडिलांची ताटातूट, घरातलं कुणी तुरुंगात असणं, असे अनुभव अठरा वर्षांच्या आत किती आले, एवढंच विचारलं. १९९८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आघातांचे प्रकार जितके जास्त, तितकी आजारांची शक्यता जास्त, अशी पायरीपायरीनं चढत जाणारी रेघ त्यात दिसली. चार किंवा अधिक प्रकार सोसलेल्यांत दारूचं व्यसन, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका काहीच न सोसलेल्यांच्या तुलनेत चार ते बारा पट होता. हृदयविकार, कर्करोग, फुप्फुसाचे आणि यकृताचे जुने आजारही याच रेघेवर होते.

मोठेपणी आठवून सांगितलेल्या गोष्टींवर किती विसंबायचं, ही शंका रास्त आहे. तिचं उत्तर न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरानं दिलं. तिथे १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या सुमारे एक हजार मुलांचा जन्मापासून पाठपुरावा चालू आहे. लहानपणी मिळालेल्या वाईट वागणुकीची बरीचशी नोंद त्या त्या वेळीच झाली होती. तीच मुलं बत्तीस वर्षांची झाल्यावर त्यांचं रक्त तपासलं, तेव्हा अशा मुलांच्या शरीरात दाह दाखवणारी द्रव्यं जास्त आढळली. इथे सगळी भिस्त स्मरणशक्तीवर नव्हती. साक्ष रक्तानं दिली होती.

हे घडतं कसं? धोका दिसला की मेंदू अधिवृक्क ग्रंथींना इशारा देतो, ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल रक्तात उतरतात, हृदयाची गती वाढते, साखर स्नायूंकडे धावते. धोका टळला की हे सगळं पुन्हा खाली यावं, अशी शरीराची रचना आहे. पण बाप रोज रात्री पिऊन येत असेल, काका रोज दुपारी घरी असेल, पाडकामाची गाडी कधीही गल्लीच्या तोंडाशी येत असेल, तर धोका टळल्याची खूण मुलाला मिळतच नाही. टाकी भरून वाहू लागली तरी सोसायटीचा पंप कुणी बंद करू नये, तसं ते शरीर चालत राहतं. रक्तदाब, साखर, प्रतिकारशक्ती, झोप या सगळ्यांची घडी तेव्हाच बसत असते, आणि ती चढ्या पातळीवर बसते. शास्त्रज्ञ ब्रूस मॅक्एवेन यांनी अशा साचत जाणाऱ्या झिजेचा सविस्तर अभ्यास केला. वाढत्या वयात मेंदूचे भीती ओळखणारे, आठवण ठेवणारे आणि आवर घालणारे भागही याच ताणाखाली घडतात. म्हणून असं मूल वर्गात लक्ष देत नाही, चटकन भडकतं किंवा एकदम गप्प होतं. शिक्षक त्याला द्वाड म्हणतात. खरं तर ते सतत सावध असतं.

सुरुवातीचा काळ शरीर विसरत नाही, हे महाराष्ट्राला आणखी एका वाटेनं ठाऊक आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या माता आणि बाळांचा अभ्यास करत आले. त्या बाळांचं सरासरी वजन इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरंच कमी होतं, पण त्या मानानं शरीरात चरबी जास्त होती. गर्भात झालेल्या आबाळीचा धागा मोठेपणीच्या मधुमेहापर्यंत जातो, हे या कामानं जगाला दाखवलं. पोटातल्या भुकेची नोंद शरीर ठेवतं, हे आपण मान्य केलं. मग भीतीची नोंदही ते ठेवतं, हे मानायला आपण का कचरतो?

आता पुन्हा मानखुर्द-चेंबूरकडे येऊ. अमेरिकन पाहणीतले जवळपास सगळे आघात घराच्या चार भिंतींतले होते, कारण ती पाहणी विमा असलेल्या, बहुतांशी गोऱ्या, बऱ्यापैकी शिकलेल्या लोकांची होती. आपल्याकडे घर हीच गोष्ट पक्की नाही. चेंबूर आणि त्याला लागून असलेले गोवंडी, देवनार, मानखुर्द, ट्रॉम्बे, माहुल यांचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास म्हणजे शहरानं दूर सारलेल्या गोष्टींचा आणि माणसांचा इतिहास आहे. १९२७ पासून शहराचा कचरा देवनारला येऊ लागला. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं चेंबूरच्या छावणीत राहिली, आणि त्या छावणीची पुढे कॉलनी झाली. १९७६ मध्ये जनता कॉलनी उठली. २००४-०५ च्या हिवाळ्यात मुंबईभर हजारो झोपड्या पाडल्या गेल्या, त्यात मानखुर्दचं मंडाळाही होतं. तानसा जलवाहिनीलगतची कुटुंबं माहुलच्या इमारतींत पाठवली गेली, तेल शुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी. तिथल्या हवेपासून रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे, असं राष्ट्रीय हरित लवादानं २०१५ मध्येच म्हटलं होतं. शेवटी २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं या कुटुंबांना दुसरीकडे राहण्यासाठी दरमहा पंधरा हजार रुपये भाडं द्यावं, असा आदेश दिला. जानेवारी २०१६ मध्ये देवनारच्या कचऱ्याला लागलेल्या आगीचा धूर इतका पसरला की महापालिकेच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात शहराच्या चोवीस विभागांत गोवंडी, देवनार, मानखुर्द ज्यात येतात तो एम-पूर्व विभाग सगळ्यांत खाली होता.

यातली प्रत्येक घटना मोठ्यांसाठी घराचा, रोजगाराचा, कागदपत्रांचा प्रश्न असते. मुलासाठी ती वेगळीच असते. आपलं दप्तर आणि आईची भांडी रस्त्यावर फेकली जाताना ते बघतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आपली आई हात जोडते आहे, बाप गप्प उभा आहे, आणि दोघांचंही काही चालत नाही, हे बघतं. मोठी माणसं मला सांभाळतील, हा विश्वास हा बालपणाचा पाया. तो पाया इथे बुलडोझरखाली जातो. मग शाळा बदलते, जुने शेजारी पांगतात, बापाचं काम लांब पडतं, घरात भांडणं वाढतात, आणि घराबाहेरचा आघात घरात शिरतो. ही साखळी ज्यानं जवळून पाहिली आहे, तो गरिबी आणि मनाचे आजार वेगवेगळ्या खात्यांत टाकणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनंही पुढे आपल्या प्रश्नावलीत वस्तीतली हिंसा आणि सामूहिक हिंसा यांचा समावेश केला. आपल्या यादीत घर पाडलं जाणं आणि जबरदस्तीचं स्थलांतर ठळक अक्षरांत असायला हवं.

गोवंडी-मानखुर्दमधली किशोरवयीन मुलं ‘बटन’ नावानं विकल्या जाणाऱ्या गोळ्या किंवा खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या घेतात, तेव्हा आपण पोलिसांना बोलावतो. गल्लीत गोळ्या विकणाऱ्यावर कारवाई हवीच. पण ती गोळी घेणारा पोरगा फेलिटींच्या त्या रुग्णांसारखाच आहे. सतत चालू असलेला आतला पंप तासभर बंद पडावा, म्हणून तो ती गोळी घेतो. मुळाला हात न घालता नुसती गोळी हिसकावली, तर तो दुसरं काहीतरी शोधेल.

याचा अर्थ हा वस्तीतल्याच मुलांचा प्रश्न आहे, असा कुणी घेऊ नये. चेंबूरच्या डायमंड गार्डनच्या आसपासच्या नीटनेटक्या इमारतींत राहणाऱ्यांनी तर मुळीच घेऊ नये. सॅन डिएगोची ती सतरा हजार माणसं आपल्याच वर्गातली होती. भारत सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ मध्ये तेरा राज्यांतल्या १२,४४७ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यात दर तीन मुलांपैकी दोघांना मारहाण झाली होती आणि निम्म्याहून अधिक, म्हणजे ५३ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारच्या लैंगिक छळाचा अनुभव सांगितला होता. त्यांत मुलग्यांचं प्रमाण मुलींपेक्षा थोडं जास्तच होतं. अत्याचार करणारा निम्म्या वेळा ओळखीचा, विश्वासातला होता. वस्तीत भांडण झालं तर निदान शेजाऱ्याला ऐकू जातं. फ्लॅटचं दार लागलं की आतलं आतच राहतं, आणि ‘घरातली गोष्ट बाहेर जाऊ देऊ नये’ ही शिकवण त्यावर कुलूप लावते. गप्प बसायला लावणं हा दुसरा आघात असतो, आणि कधी कधी तो पहिल्यापेक्षा खोल जातो.

इथे नेहमीचा आक्षेप येतो. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. आम्हीही मार खाल्ला, आमचं काय बिघडलं? हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही, कारण तो मनापासून घेतला जातो. पण ज्या दगडांचे देव झाले तेवढेच देवळात दिसतात. घाव बसताना तडकलेले दगड कुणी मोजत नाही. मार खाल्लेल्यांपैकी जे चाळिशीत हृदयविकारानं गेले, जे दारूत बुडाले, ज्यांनी आपल्या मुलांवर तोच हात उगारला, ते ‘आमचं काय बिघडलं’ म्हणायला पुढे येत नाहीत. शिवाय दगड आणि मूल यांत फरक आहे. अडचण, कष्ट, नकार यांनी मूल घडतं, हे खरं आहे, पण त्यासाठी त्याच्या पाठीशी कुणीतरी असावं लागतं. परीक्षेत नापास होणं हा ताण आहे. नापास झाल्याचं घरी सांगितलं तर जिवाची भीती वाटणं हा आघात आहे.

मराठीत या आघातांची साक्ष मुबलक आहे. ‘बलुतं’, ‘उपरा’, ‘अक्करमाशी’, ‘उचल्या’, ‘कोल्हाट्याचं पोर’ ही आत्मकथनं १९७८ पासून पुढच्या पंधरा-सोळा वर्षांत आली आणि त्यांनी मराठी वाचकाला हादरवलं. भूक, जात, अपमान, पोलिसांची मारहाण, बापाचं नाव नसणं, हे सगळं त्यांत मुलाच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. आपण ही पुस्तकं साहित्य म्हणून वाचली, सामाजिक विद्रोह म्हणून वाचली, आणि शेवटी ‘यातूनही माणूस उभा राहिला’ असं म्हणून मिटली. उभ्या राहिलेल्याचं कौतुक करताना सोसायला लावणाऱ्या व्यवस्थेला आपण सोयीस्करपणे माफ केलं. या पुस्तकांनी मांडलेल्या प्रश्नाची एक बाजू वैद्यकाचीही आहे. पिढ्यान्‌पिढ्या अपमान सोसणाऱ्या समाजाच्या शरीरात त्याची किती किंमत साचते, हे प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात शिकवलं गेलं पाहिजे.

दुसरा आक्षेप उलट बाजूनं येतो. लहानपणी जे झालं त्यानं आयुष्य ठरत असेल, तर मोठ्या माणसाची काही जबाबदारीच उरत नाही. हाही विचारात घेण्याजोगा मुद्दा आहे, आणि त्याचं उत्तर याच शास्त्रात आहे. आघातांची बेरीज हजारो लोकांच्या गटाबद्दल बोलते. एका माणसाचं भविष्य ती सांगत नाही, आणि तिचा तसा वापर करू नये, असा इशारा खुद्द अँडा यांनी २०२० मध्ये दिला. हवाई बेटांतल्या काउआई इथे १९५५ मध्ये जन्मलेल्या सर्व, म्हणजे ६९८ बाळांचा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक दशकं पाठपुरावा केला. गरिबी, व्यसन, घरातली भांडणं अशा अनेक अडचणींत वाढलेल्या मुलांपैकी एक तृतीयांश मुलं चांगली, कर्ती, प्रेमळ माणसं झाली. त्यांच्या आयुष्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा आढळली. आजी, मावशी, शिक्षक, शेजारी, कुणीही असो, पण निदान एक मोठं माणूस टिकून त्यांच्या बाजूनं उभं होतं. परळच्या गिरणगावात गंगाराम सुर्वे या गिरणी कामगारानं टाकून दिलेलं तान्हं मूल उचलून घरी नेलं, आणि त्या मुलाचे पुढे कवी नारायण सुर्वे झाले. सुर्व्यांची प्रतिभा त्यांची स्वतःची होती. पण ती फुलायला मूल आधी जगावं लागतं, आणि ते जगवणारा हात एका कामगाराचा होता.

म्हणून संस्थांचा प्रश्न या चर्चेच्या मध्यभागी आणायला हवा. चिल्ड्रन्स एड सोसायटी ही संस्था १९२७ पासून मुंबईत काम करते आणि तिची बालगृहं मानखुर्दला आहेत. टाकलेली, हरवलेली, पळून आलेली, छळातून सोडवलेली मुलं अशा आवारांत येतात. छप्पर आणि जेवण त्यांना हवंच असतं. पण रुमानियातल्या बुखारेस्ट इथे अनाथालयांतल्या १३६ बाळांवर झालेला अभ्यास सांगतो की जेवणखाण मिळूनही संस्थेतच वाढलेली मुलं बोलणं, जवळीक आणि मेंदूची वाढ यांत मागे पडतात. कुटुंबात ठेवलेली मुलं सावरतात, आणि दोन वर्षांच्या आत ठेवलेली सगळ्यांत जास्त सावरतात. बाल न्याय कायदाही संस्थेला शेवटचा पर्याय मानतो. महाराष्ट्राकडे बालसंगोपन योजना आहे, आणि तिच्यातून नातेवाइकांकडे वाढणाऱ्या मुलासाठी दरमहा २,२५० रुपये मिळतात. ही रक्कम वेळेवर पोचली, तर कितीतरी मुलं आजीजवळच राहू शकतील.

आणि आपल्याजवळ ज्ञान नाही, असं तरी कसं म्हणावं? देशातलं पहिलं बाल-मार्गदर्शन केंद्र १९३७ मध्ये मुंबईत सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयानं सुरू केलं. तीच संस्था आज टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून देवनारला उभी आहे. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन १९९६ मध्ये तिथल्याच एका प्रकल्पातून जन्माला आली. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० मध्ये महापालिका आणि सेहत या संस्थेनं ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं, आणि त्यानं एक महत्त्वाचा धडा दिला. जखम घेऊन आलेल्या बाईला नर्सनं एकांतात, नीट शिकून घेतलेल्या शब्दांत विचारलं, तर ती सांगते. आणि सांगितल्यावर हाताशी समुपदेशक असेल, तर तिचं आयुष्य बदलतं. विचारणं हे कौशल्य आहे, ते शिकवता येतं, आणि ते सरकारी दवाखान्यात जमतं.

मग करायचं काय? पहिलं म्हणजे, पालिकेच्या प्रत्येक दवाखान्यात आणि आरोग्य केंद्रात निदान एका व्यक्तीला हे विचारण्याचं प्रशिक्षण हवं, आणि विचारल्यावर पुढे पाठवण्याची सोय हवी. सोय नसताना उकरून काढणं हा अन्यायच होईल. दुसरं, शाळेतल्या शारीरिक शिक्षेला शिक्षण हक्क कायद्यानं २००९ मध्ये बंदी घातली; घरातल्या माराला मात्र अशी स्पष्ट बंदी अजून नाही. ती यावी, आणि कायद्याच्या आधी आपल्या घरांतून तरी मार जावा. तिसरं, पावसाळ्यात झोपड्या पाडू नयेत हे तत्त्व सरकारनं मानलं आहे. शाळेचं वर्ष चालू असताना मुलांची घरं पाडू नयेत, आणि पुनर्वसनाची जागा ठरवताना शाळा, अंगणवाडी आणि हवा आधी तपासावी, हेही तत्त्व व्हावं. चौथं, अंगणवाडी सेविका, आरोग्य स्वयंसेविका, शाळेतले शिक्षक हीच या मुलांच्या आयुष्यातली टिकून राहणारी मोठी माणसं आहेत. त्यांना तुटपुंज्या मानधनावर आणि सततच्या बदल्यांवर ठेवून आपण मुलांचा आधारच काढून घेतो.

कुणी म्हणेल, आधी पाणी, संडास, हाताला काम द्या, मनाचं नंतर बघू. पण हे ‘आधी’ आणि ‘नंतर’ खरं नाही. पाण्यासाठी रात्री दोनला उठणारी आई सकाळी मुलावर खेकसते. तिला नळ देणं हीसुद्धा त्या मुलाच्या मनाची काळजी आहे. आणि भीतीत वाढलेलं मूल शाळा सोडतं, काम टिकवू शकत नाही, लवकर आजारी पडतं. त्याला सांभाळणं हीसुद्धा गरिबीविरुद्धची लढाई आहे. पन्नाशीतल्या हृदयविकारावर, डायलिसिसवर, व्यसनमुक्तीवर आपण जो पैसा खर्च करतो, त्यातला काही भाग पाच वर्षांच्या मुलाच्या भोवती लावला, तर तो जास्त आयुष्यं वाचवेल.

१९७६ चं ते मूल आता उशीर झाला म्हणून सोडून देण्यासारखं नाही. विश्वासाचं माणूस, उपचार आणि स्वतःची गोष्ट समजून घेण्याची संधी मिळाली, तर पन्नाशीतही माणूस सावरतो. त्याच्या शुगरच्या गोळीबरोबर त्याला ऐकून घेणारं कुणी मिळणं, हा त्याचा हक्क आहे. पण आज मंडाळ्यात, माहुलमध्ये, चीता कॅम्पमध्ये आणि चेंबूरच्या बंद दारांआड जे मूल पाच वर्षांचं आहे, त्याच्या बाबतीत उशीर झालेला नाही. ते मोठेपणी किती निरोगी असेल, हे आजच्या अंदाजपत्रकांत, आजच्या पाडकामाच्या आदेशांत आणि आज रात्री घराघरांत उगारल्या जाणाऱ्या किंवा आवरल्या जाणाऱ्या हातांत ठरतं आहे. त्यातला एक तरी निर्णय आपल्यापैकी प्रत्येकाच्या अखत्यारीत आहे.